मे महिन्यापर्यंत झाडावर

बास्केट मल्लेशीनं बनवली, उद्यमबागच्या शेडमध्ये,
शनिवारी, भट्टी थंड झाल्यावर.
भंगारातल्या मोटारसायकलींच्या साखळ्या,
मळणीयंत्राची रिंग, खाली पंपाचा जुना पाया.
अकरा किलो. उचलून बघ म्हणाला, आणि मग सांग
हा खेळ साहेबांचा की हमालांचा.

नकाशा माझा, जॉबकार्डाच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
इझाबेल टीचरची अट एकच:
नुसतं फेकायला मी येणार नाही,
वाटेत बघण्यासारखं काही पाहिजे.
कॅम्पातल्या शाळेत तीस वर्षं शिट्टी फुंकून
सपाट मैदानाचा त्यांना वीट आलेला.

म्हणून पहिला राजहंसगड.
वारा असा की माझी डिस्क सुळग्याच्या शिवारात.
मसुराच्या वाफ्यातून म्हातारा ती उलटसुलट करत आला,
"ताट कुणाचं गा हे? कड बरी हाय,
आमटी ऱ्हाईल की ह्यात."

गोकाकला बास्केट टपावरून उतरवलीच नाही.
त्या धबधब्यासमोर काही फेकणं म्हणजे
कीर्तनात शिंकणं.
झुलत्या पुलावर करदंट खाल्लं, भिजलो, परत.
स्कोअर तिघांचाही शून्य.
टीचर म्हणाल्या, आज खेळ चांगला झाला.

मग फेब्रुवारी. कणकुंबी.
जांबोटीच्या पुढं उजेडाआधी गवे रस्त्यावर येतात
असं कुणीतरी सांगितलेलं,
म्हणून पहिली बस.
कंडक्टरनं बास्केटवर बॅटरी मारली, "इदु एनु?"
मल्लेशी झोपेतच, "कोळी पंजरा."
कोंबडी नसली तरी पिंजऱ्याचं अर्धं तिकीट पडलं.
गवे दिसले नाहीत. शेण दिसलं, वाफाळतं,
ड्रायव्हरनं त्याला वळसा घातला, हॉर्न न देता.

मलप्रभा तिथं अजून ओंजळीएवढी.
पुढं धरणं होणार, भांडणं होणार,
हे तिच्या गावीही नाही.

सोनू गावड्यांची काजूची बाग, जंगलाच्या अलीकडं.
विचारून बास्केट रोवली.
माझी पिवळी डिस्क सुटली ती सरळच,
मग तिच्या मनात काय आलं,
उजवीकडं कलली आणि
बेहड्याच्या बेचक्यात जाऊन बसली,
दोन माणसं, वर आणखी चार माणसं, एवढ्या उंच.

मल्लेशीनं चपला काढल्या.
सोनूमामांनी त्याचा दंड धरला.
"थांब. वर बाळंतीण हाय."

आम्हाला आधी दिसेचना.
खोडाला एक फट, मातीनं लिंपलेली,
आणि फटीत चोचीचं टोक, हललं न हललंसं.
टीचरनी हातानंच साखळ्या धरून ठेवल्या,
वाजू नयेत म्हणून.

आम्ही काजूखाली बसलो. मुंग्या चावल्या.
मग दरीतून कुणी सतरंजी झटकत यावं तसा आवाज आला,
आणि धनेश उतरला, माझ्या डिस्कपासून हातभर अंतरावर.
एक डोळा तिच्याकडं. हे कुठलं फळ?
सोडलं तिला.
गळ्यातून एकेक उंबर काढून
फटीत, फटीत, पुन्हा फटीत.
मी मोजले. सतरा.
एकही खाली पडलं नाही.

मल्लेशी हळूच म्हणाला, ह्याला टीममध्ये घ्या.

"पिल्लं कधी उडणार?"
"फणस पिकला की."
मी जॉबकार्ड काढलं.
पुढच्या ट्रिपच्या तारखेसमोर लिहिलं: फणस.
नंतर खोडून: मामांचा फोन.

दर रविवारी येतो तो, रेंज शोधत टेकडीवर चढून.
ताट हाय अजून वर. बाप येतोय.
काल वारा झाला, ताट हललं, पडलं नाही.
मग थोडा वेळ फक्त त्यांचा श्वास,
आणि मागं कुठं तरी सतरंजी झटकल्याचा आवाज,
किंवा मला तसा वाटतो तो.

बास्केट शेडमध्ये, कोपऱ्यात. मोल्डर पोरं
दुपारी तिच्यात डबे ठेवतात.
स्कोअरकार्ड टीचरच्या पर्समध्ये. माझ्या नावापुढं
आकडा नाही, त्यांच्या तिरक्या अक्षरात एवढंच:
थ्रो अजून पूर्ण व्हायचा आहे.