कण्या

आधी वाटलं, उंदीर.
मोबाईलच्या उजेडात पलंगाखाली पाहिलं,
तिथे फक्त तिचे बूट होते,
रात्रपाळीहून आल्यावर नाड्या न सोडता ओढून काढलेले.

आवाज वरून येत होता.
स्किर्मांते झोपेत दात खात होती.

क्लायपेदाच्या बंदरामागे एका इमारतीत
माझी बायको फोन उचलते.
एकशे बारा. सलग बारा तास.
कुणाचा बाप शिडीवरून पडलाय,
कुणाच्या पोरानं बटण गिळलंय,
कुणी झिंगलेला, त्याला फक्त किती वाजले ते हवंय.
सगळ्यांना ती एकाच आवाजात म्हणते, पत्ता सांगा.
तिनं ओरडायचं नाही. रडायचं नाही.
गाडी पोचली की फोन ठेवायचा,
आणि लगेच पुढचा घ्यायचा.
दिवसाला साठ-सत्तर अर्ध्या गोष्टी.

उरलेल्या अर्ध्या कुठे जातात
ते दंतवैद्य गिंटाउतास यांनी छोट्या आरशात दाखवलं.
डावीकडची दाढ उभी चिरली होती.
बाई, म्हणाले, रात्री कुणाला चावता?
ती हसली.
जिना उतरताना हसली नाही.

मग दंडाला पट्टा. वरचा आकडा एकशे बावन्न.
जरा बसा, पुन्हा मोजू.
पुन्हा एकशे बावन्न.
छातीतली जळजळ, मानेतली गाठ, उशीवरचे केस,
आणि सुट्टीच्याच दिवशी हमखास उठणारं डोकं.
किती ठिकाणी दाखवू, ती वैतागली.
डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या,
ठिकाणं पुष्कळ आहेत हो, पत्ता एकच आहे.

कागद मिळाला. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा.
कॉफी कमी. चाला. कुणाशी तरी बोला.
मी तो फ्रिजवर लावला,
तिनं त्याच्या पाठीवर वीजबिलाची बेरीज केली.
सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या,
तिच्या तर खरोखरच होत होत्या.

नोव्हेंबरात वादळ झालं. सकाळी ती घरी आली
आणि बूट न काढता म्हणाली, चल, मेलनरागेला.
किनाऱ्यावर शेवाळाचे काळे ढीग,
त्यात रबरी बुटांतल्या म्हाताऱ्या वाकून काही निवडत होत्या.
आमच्या मजल्यावरची प्रानुते त्यांच्यातच.
तिनं दोन पिवळे खडे स्किर्मांतेच्या हातावर ठेवले.
दातांवर वाजवून बघ. हळू. टणक वाजला तर दगड.
मऊ वाजला तर तृणमणी.
अगं, जबडा सोड आधी! अशी काय आवळून धरतेस?

वारा कानात शिरत होता,
आणि माझी बायको तोंड अर्धवट उघडं ठेवून
समोरच्या दातांवर एकेक खडा टिचकत होती.
टक. टक. टक.
मधेच, खड्याकडेच बघत, म्हणाली,
मार्चात एका मुलीनं आईचे श्वास मोजून सांगितले मला.
बावीसपर्यंत.
मग?
मग गाडी पोचली.
मग?
मला काय माहीत.
मी काही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक.
ती बोलत राहिली, ओहोटी लागेपर्यंत.

घरी आल्यावर खिसे उलटे केले.
अकरा दगड, आणि एक तृणमणी, मुगाच्या डाळीएवढा.

आता रात्री ती दातांवर प्लास्टिकचं कवच चढवते.
सकाळी ते पेल्यात असतं, मी उजेडात धरून बघतो,
कुठल्या रात्री किती खोल.
रक्तदाब एकशे अडतीस. कधी चव्वेचाळीस.
श्वास मोजते, पण दहापर्यंतच, पुढे नको म्हणते.

आणि साहेबांना तिनं एक अर्ज दिला.
आठवड्यातून एकदा, एकाच गोष्टीचा
उरलेला अर्धा भाग आम्हाला कळवावा.
नियमात बसत नाही, असं उत्तर आलं.
तीन आठवड्यांनी टेबलावर एक चिठ्ठी होती, बिनसहीची.
बटण निघालं. निळं होतं.

त्या रात्री मी मुद्दाम जागा राहिलो.
पहाटे तीनला थोडा आवाज झाला.
थोडाच.