चाचणीचे चौदा दिवस

वडसा स्टेशनमागे, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी दहा बाय बाराची खोली.
भिंतींना धानाची रिकामी बारदानं ठोकलीत, दुहेरी.
आवाज त्यांत जिरतो. पावसाळ्यात वास सुटतो.

सुकेशिनी रामटेके तिसऱ्या अंकातलं पद गाऊन गेली,
एका दमात, पंखा बंद ठेवून.
घाम पुसत म्हणाली, "सजव आता."

सॉफ्टवेअरसोबत आलेला एक रिव्हर्ब आहे माझ्याकडे.
तीन गोल बटणं, करडा चेहरा,
तहसील कचेरीतल्या बाबूसारखा:
सांगाल तेवढंच करतो.
त्याच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

प्रज्योतने नागपूरहून दुसऱ्याचं नाव धाडलं.
लाकडी पट्टी, पितळी बटणं, थरथरणारी सुई,
मागे दगडी चर्चचा फोटो, बाहेर बर्फ.
किंमत अठरा हजार. म्हणजे ऑर्गनवर
माझ्या बारा रात्री, पहाटेपर्यंतच्या.
चौदा दिवस चाचणी फुकट.

फोडलेली प्रतही मिळते चौकातल्या मोबाइलवाल्याकडे, पेनड्राइव्हवर.
मागच्या साली घेतली होती.
मंडईच्या आदल्या रात्री
अख्खं नाटक घेऊन बसली.

तेरा दिवस मी त्या चर्चमध्ये राहिलो.
सुकेशिनीचा आवाज कमानीवर चढायचा,
काचांवरून घरंगळत परत यायचा,
मोठा, थंड,
पाहुण्यासारखा आदबशीर.
वाटलं, हेच ते.

ढोलकीवाले मोतीराम कोडापे ऐकायला आले.
हेडफोन उलटा घातला, डोळे मिटले.
बराच वेळ.
"बाबू, ह्याच्यात मी कोठं बसलो आहो?
माही थाप जाते, अना वापसच येत नाही.
कोनी सांगतलं का तिले, उद्या ये म्हनून?"

त्याच रात्री मुदत सरली.
दर चाळीस सेकंदांनी ते गप्प व्हायला लागलं,
उधारी वाढल्यावर
किराणावाला होतो तसं.

मी करडा बाबू उघडला.
'मध्यम खोली'. बटण तीसवर, मग बावीसवर.
भव्य असं काही झालं नाही.
थाप लगेच परत आली,
चप्पल न काढता सरळ आत.
आणि दोन मिनिटं अकरा सेकंदांवर,
सुकेशिनी श्वास घेते तिथे,
कुत्रा भुंकला.

तेरा दिवस तो चर्चमध्ये विरघळून होता.
आवाजावरूनच ओळखला:
भजेवाल्या देवाजीचा लंगडा काळू.

कॉम्प्रेसर मात्र विकतचाच ठेवला आहे.
सोबतच्यात ढोलकीची धूम चपटी होते,
खोटं कशाला बोलू.

मोतीराम म्हणतात, "राहू दे, गावात आहे तर आहे."
सुकेशिनी म्हणते, काढ.
कुत्रं काढायचंही प्लगिन मिळतं म्हणे.
चौदा दिवस फुकट.