लखाई मुर्मू, चौदावा मजला

स्लाइड क्रमांक सहाशे बारा.
तेलाचा थेंब, शंभराचं भिंग,
आणि जांभळट उजेडात
एक चंद्रकोर.
मग दुसरी. पुढच्याच फील्डात तीन.

माझी मावशी मेणावर कुंकू दाबून अशी कोरायची,
टोकं वर.
रक्तातलीची टोकं कुठेही असतात.
नुसत्या कड्या दिसल्या तर ताप नवा.
कोरी दिसल्या तर समजायचं,
हा माणूस दहा-बारा दिवस तसाच कामावर जातोय
आणि डासाला हवं ते आता त्याच्याकडे तयार आहे.

नाव : लखाई मुर्मू. वय : अंदाजे बावीस.
पत्ता : चौदावा मजला, शिवडी.
डॉक्टर हळदणकर म्हणाले, इमारतीचं नाव?
मी म्हटलं, सर, अजून ठेवलेलं नाही.
फोन बंद.

घाडीगावकर आणि मी चारच्या पुढे निघालो.
त्याच्या पिशवीत ओगराळं, बॅटरी, अळ्यांवरच्या औषधाची बाटली;
माझ्या पिशवीत सुया, कापूस, काचा,
तीन दिवसांच्या गोळ्या.
गेटवर पिवळी हेल्मेटं दिली.
माझं कुणाच्या तरी घामानं अजून ओलं होतं.

मलेरिया? आमच्याकडे नाही, मुकादम म्हणाला,
आमच्या घराण्यात तसलं कुणी नाही, म्हणावं तसं.
घाडीगावकर वाद घालत नाही,
अठ्ठावीस वर्षांत घातलेला नाही.
तो सरळ लिफ्टच्या खड्ड्याशी गेला,
जिथे लिफ्ट नाही, नुसतं पाणी आहे,
आणि ओगराळं तिरकं बुडवून वर काढलं.
"या, बघा."
गटारातल्या डासाच्या अळ्या डोकं खाली घालून लटकतात,
चूक कबूल केल्यासारख्या.
या आडव्या होत्या, पाण्याला समांतर,
सुट्टीवर आल्यासारख्या.
मुकादमानं त्या पाहिल्या.
मग स्वतःचे बूट पाहिले.

हजेरीच्या वहीत लखाई मुर्मू एकच.
हाक मारली तर दोघं आले.
कार्ड एकाचं, भाऊ तिघं,
थोरल्यानं सांगितलं, आणि हसला नाही.
तिसरा कुठाय?
वर.
ताप कुणाला आला होता?
सगळ्यांनाच, मॅडम. पाळीपाळीनं.
दवाखान्यात कोण आलं होतं?
दोघं एकमेकांकडे बघत राहिले,
माझी सहाशे बारा त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी
खिशातून पडल्यासारखे.

विटांच्या थप्पीवर रुमाल अंथरला.
डावा हात, करंगळीशेजारचं बोट.
सिमेंटनं इतकं निबर झालेलं
की दोनदा टोचावं लागलं.
काचेवर पेन्सिलनं लिहिलं : लखाई १.
लखाई २.
तिसरी काच कोरी धरून उभी राहिले.

माझे गुडघे चौदा मजल्यांचे नाहीत.
घाडीगावकरनं माझ्या हातातली काच घेतली,
सुई, कापूस, गोळ्या वरच्या खिशात टाकल्या, बटण लावलं.
बोट टोचायला मीच शिकवलंय त्याला,
आधी माझंच.
अंधार पडत होता. जिन्याच्या दर वळणाला
त्याची बॅटरी दिसायची :
चौथा. पाचवा.
सहाव्यावर थांबली. दम खात असेल.

लखाई दोन खाली बसला, गुडघे पोटाशी,
दातांवर दात वाजत होते.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
वरून काय दिसतं रे?
खाडी, तो म्हणाला.
ताप चढला की इतकी जवळ येते,
पाय सोडून बसावंसं वाटतं.
मी पुन्हा वर पाहिलं. सातव्यावर उजेड नव्हता.
मग होता.

मनगटावर काहीतरी बसलं.
मारण्याआधी नीट पाहिलं, सवय आहे :
शेपूट वर, डोकं खाली.

नवव्यावर बॅटरी.
दहाव्यावर.