गणपूर्ती

दर दुसऱ्या सोमवारी सातला मी दिवे लावते.
पाच खुर्च्या टेबलामागे, बारा टेबलासमोर.
त्या बारांतली एकच भरते, तिसरी:
आर्डिथ क्वामे, अंगातला कोट न काढता.
शाळेची बस चालवली तिने एकतीस वर्षं.
आता मोतीबिंदू.

इतिवृत्त मी लिहिते.
'चर्चा झाली.' दोन शब्द.
त्यात खडीची अख्खी खाण मावते,
हौगेनांच्या विहिरीचं गढूळ पाणीही.
खाली: सर्वानुमते मंजूर.

कधी अध्यक्ष घसा खाकरतात: बंद सत्र.
मग मीच तिला बाहेर सोडते,
मीच कडी घालते.
भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या भिंतीला एक म्हातारी आहे,
पलीकडच्या बाकावर, थर्मास उघडून.

नवा मसुदा आलाय राजधानीत.
सूचना तीन दिवसांऐवजी एक दिवस आधी,
वर्तमानपत्र नको, कोर्टाचा फळा पुरे,
आणि पाचांतले दोघे बोलले
तर ती सभा नव्हे.
आर्डिथने गाडीत बोटं मोडून मांडलं:
दोघे धान्याच्या कोठाराशी, पिकअपच्या काचा खाली करून.
त्यांतला एक आणि तिसरा, चर्चमागे बर्फ उपसताना.
तिसरा आणि चौथा, फोनवर.
सोमवारपर्यंत सगळं ठरलेलं,
आणि सभा म्हणाल तर भरलेलीच नाही.
एकशे ऐंशी मैल मीच गाडी चालवली.
रजेच्या अर्जावर लिहिलं होतं: दाढदुखी.

सुनावणीची खोली ऐनवेळी बदललेली.
जुन्या दारावर चिठ्ठी, मुंगीएवढ्या अक्षरांत.
मी वाचून दाखवली.
त्या दिवसात ती एकदाच हसली, तेव्हा.

दोन मिनिटं मिळाली.
कलम नाही, पोटकलम नाही. म्हणाली,
'बसमध्ये माझ्या डोक्यावर एक आरसा होता.
पोरं काही वाईट नव्हती.
आरशामुळे जराशी आणखी बरी वागायची.
आरसा काढा, असं मला एकाही पोराने
कधी सांगितलं नाही.'
लाल दिवा लागला. कुणीतरी आभार मानले.
त्यांच्या कारकुनाने काय लिहिलं
ते मला न बघताही ठाऊक आहे.

मसुदा अजून समितीत आहे.
परवाच्या सभेचं माझं इतिवृत्त चार पानं झालं:
कोण बोललं, काय बोललं,
विहिरीचं नाव निघाल्यावर कोण छताकडे बघत बसलं.
अध्यक्षांनी विचारलं, एवढा कागद कशाला?
मी म्हटलं, शाई स्वस्तात मिळाली.

कडी मात्र अजून मीच घालते.
हल्ली ती नीट बसत नाही.
तेल द्यायचं राहून जातंय.