वर्णन करा

आठवी ब. तिसरा तास. मार्च.
फळ्यावर मी लिहिलं,
'ब्यूटिफुल' हा शब्द आजपासून बंद.
एकवीस वह्यांत तो चौसष्ट वेळा आला होता.
शाळा ब्यूटिफुल, बैल ब्यूटिफुल,
लोमेश कापगतेच्या मामाचं ऑपरेशनसुद्धा
व्हेरी ब्यूटिफुल.

पुस्तकात वर्णनाला दिला होता समुद्रकिनारा.
या वर्गात समुद्र कुणी पाहिलेला नाही.
मी पाहिलाय एकदा, बी.एड.च्या सहलीत,
आणि आठवते ती फक्त घाटातली उलटी.
तरी पोरांनी लिहिला.
वाळू, शिंपले, मावळता सूर्य,
आणि गाइडमधून उचललेल्या
एकाच मापाच्या लाटा.

मग त्यांना बोडीवर नेलं.
म्हटलं, नाकानं बघा, कानानं बघा,
आहे तेवढंच लिहा.
निकेशनं लिहिलं, वॉटर इज लेस.
मी म्हटलं, आणखी?
तो बोडीकडे बघून म्हणाला,
आनखी नाही जी, तेवढंच हाये.

शुक्रवारी नाटक.
दिवाळीनंतर मंडईमंडईला रात्रभर जागणारी ही पोरं,
राजाचा आवाज पोटातून कसा काढायचा
हे खरं तर तीच मला शिकवतात.
माझा नियम एकच होता, मराठी बोलायचं नाही.
त्यामुळे राजा 'यू थीफ' म्हणून अडकला,
चोर म्हणाला 'येस सर',
आणि पट्ट्यांची तलवारबाजी फार लांबली,
कारण तलवारीला व्याकरण लागत नाही.

शेवटी ममिता उईके उठली.
वर्षभर हजेरीपलीकडे बोललेली नाही.
काय करणार?
माय मदर.
डायलॉग?
तिनं मान हलवली, आणि नियम मोडून हळूच,
मायले इंग्रजी येत नाही जी.

ओढणी कमरेला खोचली.
डोळे बारीक करून
अकराच्या उन्हात पहाटेचा अंधार आणला.
वाकली.
फरशीवरून वेचू लागली, एकेक,
दोन बोटांत, रस निघणार नाही इतकं हलकं.
मूठ भरली की डाव्या अंगाच्या टोपलीत.
टोपली नव्हती,
पण पुढं सरकताना दर वेळी
ती पायानं लोटत होती.

पाच मिनिटं झाली.
मी घड्याळ पाहिलं, हे कबूल करतो.

मग ती थबकली.
तशीच वाकलेली, बोटं जमिनीला टेकायच्या बेतात.
मान वळली नाही. फक्त कान.
अस्वल असं कुणी म्हणालं नाही.
मागच्या बाकावर लोमेशनं
लोंबते पाय हळूच वर घेतले.

किती वेळ, माहीत नाही.
या खेपेला मी घड्याळ पाहिलं नाही.
मग तिनं श्वास सोडला
आणि पुन्हा वेचू लागली.
झाडाखाली अजून बरंच पडलेलं असावं.

तेव्हा निकेश
नाक वर करून म्हणाला,
सर, स्मेल इज कमिंग.

इंग्रजीत वास येत नाही.
तिथं तो आपण घ्यावा लागतो,
तो आपल्या पायानं चालत वर्गात शिरत नाही.
हे मी दोनदा फळ्यावर लिहून दिलंय.
लाल पेन खिशात होता.
वास आला होता.

गुणांच्या तक्त्यात रकाने तीन:
उच्चार, हावभाव, संवाद.
मुख्याध्यापक म्हणतात, रिकामा रकाना
ऑनलाइन घेत नाही, काहीतरी भरा.
मी म्हटलं, उद्या भरतो.
हे दोन शुक्रवार झाले.

तास सुटल्यावर दारात तिला गाठून विचारलं,
मराठीतच,
मग ते गेलं का गं?
ती म्हणाली,
कायले जाईन जी? त्याचाबी मोह हाये.
आणि ताट घेऊन
खिचडीच्या रांगेत उभी राहिली.