बावीस तपकिरी

माझ्या दुकानात बावीस तपकिरी आहेत,
आणि ताइमी कार्पिनेनला
त्यातली एकही पसंत नाही.

मार्चमध्ये ती रोगणाचे सहा नमुने घेऊन गेली,
सहा फळ्यांना फासून
दक्षिणेच्या भिंतीवर ठोकले,
जिथे बर्फावरून उलटलेलं ऊन
खालून वर चढत लाकूड खातं.
आता जून. दुकान बंद करून, जेवून,
रात्री साडेदहाच्या उन्हात
मी तिच्या अंगणात उभा.

तिने ओंडक्यांवर पाणी शिंपडलं.
उत्तरेला थेंब मण्यांसारखे अडून राहिले,
दक्षिणेला लाकूड गटकन प्यायलं.
"तहान लागलीय," ती म्हणाली,
"एवढं मलाही कळतं."

बाकावर तिचा भाऊ ओइवा.
"डांबर लाव. पाइनचं. आजोबा नावेला लावायचे तेच."
"आणि उन्हात ते पाझरलं की
तुझी विजार कोण धुणार?"

मी माझं पाठ केलेलं बोललो:
जितका रंग दाट, तितकी वर्षं जास्त.
हा गडद डबा, बारा वर्षं, शिडीचं नाव नको.
हा पातळ, लाकडाची रेघन् रेघ दिसेल,
पण दोन वर्षं. फार तर तीन.
बारा घ्या, मी म्हणालो.
ती एकाहत्तरची.
बेरीज मी तोंडाने केली नाही,
तिने ऐकली.

मग तिने दाराशेजारचा फावडा बाजूला केला.
पाचव्या ओंडक्यावर पेन्सिलीच्या तारखा,
तळ्यावरचा बर्फ फुटल्याच्या.
११ मे. ४ मे. १९ मे, त्यापुढे एक शिवी.
ताउनोचं अक्षर, डावीकडे कललेलं.
शेवटच्या सहा तारखा सरळ अक्षरात.

"तेवढा ओंडका सोड की," ओइवा म्हणाला.
"मग ती पाटी होईल. मला भिंत हवीय."

पातळ रोगणाखाली दिसेल का? दिसेल.
पुसट होईल? मी खोटं बोलू शकलो असतो.
थोडंसं, म्हणालो, दर खेपेला थोडंसं.
"मग गिरवीन," ती म्हणाली,
शाळेतल्या पोरीसारखी,
आणि ओइवाकडे वळून:
"शिडी तू धरायचीस. दर दोन वर्षांनी."
ओइवाने कमरेला हात लावून
आधीच कण्हून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डबे न्यायला आली.
दव सुकू द्या, भर उन्हात लावू नका,
ब्रश ओंडक्याच्या टोकांना दोनदा फिरवा,
पाणी तिथूनच शिरतं.
हो हो, म्हणाली, आणि काउंटरवरची
सुताराची लाल पेन्सिल उचलली.
तिचे पैसे नकोत, मी म्हणालो.
तिने नाणं ठेवलंच,
आणि टोक काढायला
माझाच चाकू मागितला.