सत्तेचाळीस नंबर

केचकेमेतच्या स्टुडिओत एतेल्का
बावीस वर्षं सेल्युलॉइडच्या पाठीकडून रंग भरायची.
पाठीकडून म्हणजे सगळंच उलटं :
डोळ्यातला पांढरा ठिपका आधी, बुबुळ मग,
कोल्ह्याचं अंग सगळ्यात शेवटी.
अंगाचा रंग सत्तेचाळीस नंबरच्या बाटलीत.
जर्दाळूचा,
पण कालच्या जर्दाळूचा,
असं ती नव्या मुलींना बजावायची.

एका सोमवारी बाटल्या खोक्यात गेल्या.
झोम्बोर, तिच्या धाकट्याएवढा,
म्हणाला, इथं टिचकी मारा.
मारली. अख्खा कोल्हा भरला,
कडेबाहेर थेंब नाही.
चुकलं तर?
तर मागे जायचं.
किती मागे?
हवं तितकं.
यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता तिला सगळं येतं. थर, पेनाचा दाब,
सावली किती टक्के विरळ करायची ते.
उलट झोम्बोरच विचारायला येतो,
हा केशरी असा मेल्यासारखा का दिसतोय?
ती त्याच्या हातातून पेन घेते,
चिमूटभर करडा मिसळते,
रंग भरते, आणि सवयीनं
ओठांचा चंबू करून
पडद्यावर हळूच फुंकर घालते.

तेवढं वाळेपर्यंत
झोम्बोर पुढची फ्रेम उघडत नाही.